प्रबंधांची कपाटे आणि बेंबळीचा वाचक

धाराशिव तालुक्यातले तेर म्हणजेच ‘पेरिप्लस’मध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात आलेले तगर, हे पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. त्या काळचे खंड स्वामित्वहक्काच्या मुदतीतून कधीच बाहेर पडले आणि आता इंटरनेटवर फुकट मिळतात. त्याच तालुक्यातल्या बेंबळीत बसून, मोबाइलवर, फ्लीटचा युक्तिवाद कुणालाही तळटीपांसकट वाचता येतो. आता त्याच मुलखाची दुसरी घटना घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. दख्खनच्या कातळाखालची जमीन स्थिर असते या समजुतीला तडा गेला, म्हणून जगभरातले भूशास्त्रज्ञ लातूर आणि उस्मानाबादेत (म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये) येऊन गेले. त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळ परदेशी नियतकालिकांत छापले गेले आणि त्यांतले कित्येक लेख आजही पैसे मोजल्याशिवाय उघडत नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ज्ञान खुले आणि आपल्या हयातीतले, आपल्याच पायाखालच्या जमिनीबद्दलचे ज्ञान बंद, अशी ही उलटी तऱ्हा आहे. तिसरा प्रकार याहून जवळचा: मराठवाड्यातल्याच विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातल्याच गावांवर लिहिलेले पीएच.डी.चे प्रबंध. ते विकत मिळत नव्हते आणि फुकटही मिळत नव्हते. ते कपाटात होते. विद्यापीठांच्या डिजिटल भांडारांसाठी लिहिलेल्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा इतिहास या तिसऱ्या प्रकारापाशी येऊन तपासला, तर एक गोष्ट दिसते. सॉफ्टवेअर फुकट मिळाल्याने ही कपाटे उघडली नाहीत. ती एका सरकारी नियमाने उघडली, आणि मराठीपुरती बोलायची तर अर्धीच उघडली. उरलेले काम मात्र सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणूनच शक्य आहे.

कपाटे कशी भरली हे आधी पाहिले पाहिजे. १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू; खासगी शाळांवर आणि सभा-संमेलनांवर परवानगीची बंधने. १९२१ साली हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले, ते अशा वातावरणात. मराठीतून संशोधन करण्याला विद्यापीठाचा आधार मिळाला तो २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाल्यावर. त्यानंतर इथल्या शेतीवर, दुष्काळावर, मुक्तिसंग्रामावर, देवस्थानांवर, बोलींवर प्रबंध लिहिले जाऊ लागले. प्रत्येकाच्या टंकलिखित, कापडी बांधणीच्या मोजक्या प्रती निघत: विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, मार्गदर्शकाला, संशोधकाच्या घरी. बेंबळीच्या माणसाला आपल्या जिल्ह्यावरचा प्रबंध पाहायचा तर दोन-अडीचशे किलोमीटर जाऊन, ओळखपत्र आणि पत्र दाखवून, वाचनकक्षात बसून टिपणे काढावी लागत. यात ग्रंथपालांचा दुष्टावा नव्हता. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाच्या पगारातून वसूल होण्याची भीती जिथे असते, तिथे कपाटाला कुलूप लागणारच. शियाली रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये मांडली. त्यातले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते. ते प्रत्येक ग्रंथपालाला पाठ होते. प्रबंधांच्या बाबतीत ते परीक्षेपुरते राहिले.

आपल्याकडे याला तोड काढणारा माणूस आधीच होऊन गेला होता. वि. का. राजवाडे यांनी घराघरांतली दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली, आणि अशा बावीस खंडांपर्यंत हे काम गेले. साधन ज्याच्या माळ्यावर आहे त्याच्या मर्जीवर अभ्यास अवलंबून राहता कामा नये, ते जसेच्या तसे सर्वांपुढे आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच विचारातून. परंतु राजवाड्यांच्या मार्गात खर्च छपाईचा होता. एखादा खंड काढायला वर्गणीदार शोधावे लागत. जिल्ह्यातल्या सहकारी पतपुरवठ्यावरचा चारशे पानांचा प्रबंध छापायला वर्गणीदार कोण देणार? प्रसिद्धीचा खर्च शून्याजवळ येईपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हते.

तो खर्च खाली आणण्याचे काम परदेशी विद्यापीठांत, वेगळ्याच कारणाने झाले. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने लॉस अलामॉसमध्ये छपाईपूर्व लेखांचा संग्रह सुरू केला, तोच पुढे ‘अर्काइव्ह’ म्हणून प्रसिद्ध झाला. नियतकालिकांच्या वर्गण्या भरमसाट वाढत होत्या. विद्यापीठे आपल्याच प्राध्यापकांचे लेख दुसऱ्याकडून विकत घेत होती. स्टीव्हन हर्नाड यांनी १९९४ साली सुचवले की प्रत्येक संशोधकाने आपला लेख स्वतःच इंटरनेटवर ठेवावा. पण प्रत्येकाने आपापल्या पानावर ठेवले तर शोधायचे कसे? १९९९ च्या ऑक्टोबरात सांता फे येथे जमलेल्या मंडळींनी निरनिराळ्या भांडारांतल्या नोंदी आपसात गोळा करण्याच्या पद्धतीवर एकमत केले. दुसऱ्या वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठातून ‘ईप्रिंट्स’ हे भांडारांचे सॉफ्टवेअर आले. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाने ‘ग्रीनस्टोन’ तयार केले होते आणि गरीब देशांत ते पोचवायला युनेस्को पुढे आली होती. नोव्हेंबर २००२ मध्ये एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी मिळून ‘डीस्पेस’ खुले केले. ईप्रिंट्स लिहिणारा रॉबर्ट टॅन्सली हाच पुढे डीस्पेसच्या कामात होता. एका विद्यापीठात शिकलेले शहाणपण दुसरीकडे उघडपणे नेता येते, कुणी खटला भरत नाही, हा मुक्त स्रोताचा पहिला फायदा इथेच दिसतो.

हे सॉफ्टवेअर नेमके करते काय, हे थोडक्यात सांगता येईल. विभाग, संग्रह, नोंद आणि नोंदीतल्या फायली अशी त्याची उतरंड असते. प्रत्येक नोंदीला लेखक, शीर्षक, वर्ष, विषय अशी ठरीव रकान्यांची माहिती जोडलेली असते आणि एक कायमचा पत्ता मिळतो, जो संगणक बदलला तरी बदलत नाही. बाहेरच्या यंत्रांना या नोंदी ठरलेल्या रीतीने उचलू दिल्या जातात, त्यामुळे गाव-शहराचा भेद न करता त्या शोधयंत्रात येतात. परवाना असा की कुणीही वापरावे, बदलावे, वाटावे.

भारतात हे लगेच पोचले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच ईप्रिंट्सवर आपले भांडार उभारले. पुढच्या काही वर्षांत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयआयटी मुंबई, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांची भांडारे डीस्पेसवर आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी, दुर्मिळ पुस्तके डीस्पेसवर ठेवली. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला तो ठेवा आजही उपयोगी पडतो. ही यादी नीट पाहिली तर तिचा कल लक्षात येतो. या सगळ्या संस्था शहरातल्या, बहुतेक विज्ञानाच्या, आपले संगणकतज्ज्ञ पदरी असलेल्या. सॉफ्टवेअर जितके एमआयटीला फुकट होते तितकेच धाराशिवच्या कुठल्याही महाविद्यालयाला फुकट होते. तरी मधल्या सात-आठ वर्षांत मराठवाड्यातल्या प्रबंधांच्या कपाटांवर त्याचा परिणाम झाला नाही. सर्व्हर लागतो, जावा आणि डेटाबेस सांभाळणारा माणूस लागतो, वीज आणि जोडणी लागते. आणि मुख्य म्हणजे प्रबंध खुला करावा असे कुणाच्या तरी मनात यावे लागते. किंमत शून्य झाल्याने यातले काहीच आपोआप घडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे गोडवे गाणारे लोक ही बाब सहसा झाकून ठेवतात.

घडवले ते नियमाने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.संबंधी नियमावली काढली आणि मंजूर झालेल्या प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट या केंद्राकडे ठेवण्याची अट त्यात घातली. इन्फ्लिबनेटचा जन्म १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली झाला; १९९६ पासून ते स्वतंत्र झाले, आणि आता गांधीनगरला आहे. त्याने डीस्पेसवर ‘शोधगंगा’ उभी केली. २०१६ च्या नियमावलीने फास आणखी आवळला: पदवी देण्याआधीच प्रत जमा झाली पाहिजे. पदवीचा कागद अडला की प्रबंध कपाटातून निघतो, हे विद्यापीठीय मनाचे अचूक निदान होते. आज शोधगंगेत देशभरचे काही लाख प्रबंध आहेत. १९९४ साली नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले तेव्हा लातूर जिल्हा तिकडे गेला आणि धाराशिव औरंगाबादकडे राहिला. किल्लारीचा भूकंप मात्र या हद्दी ओळखून झाला नव्हता, आणि त्याच्या पुनर्वसनावरचा अभ्यास दोन विद्यापीठांत विभागला गेला. शोधगंगेत ही दोन्ही विद्यापीठे एकाच शोधपेटीखाली येतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. श्रेय नियमाचेच असेल तर सॉफ्टवेअर मुक्त असण्याने काय बिघडले-सुधारले? विकतचे घेतले असते तरी तेच झाले असते. माझ्या मते नसते झाले, आणि त्याचे कारण पैशापेक्षा वेगळे आहे. शोधगंगेसारख्या एका केंद्रावर सगळे अवलंबून असताना ते केंद्र उद्या बंद पडले किंवा त्याचे धोरण बदलले तर काय, हा खरा प्रश्न आहे. २००३ साली गाजावाजाने सुरू झालेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे उदाहरण समोर आहे. लाखो पुस्तके स्कॅन झाली, मराठीही पुष्कळ होती. शीर्षके मात्र वाटेल तशा रोमन स्पेलिंगांत टंकलेली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. आज ती पुस्तके दिसतात ती बहुतांशी लोकांनी त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर चढवून ठेवल्या म्हणून. डीस्पेसमधल्या नोंदी आणि फायली ठरलेल्या, जाहीर स्वरूपात बाहेर काढता येतात आणि दुसऱ्या कुणाच्याही डीस्पेसमध्ये बसवता येतात. म्हणजे जे मराठवाड्याचे आहे त्याची दुसरी प्रत छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) किंवा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात ठेवायला कुणा कंपनीची मंजुरी लागणार नाही. विकतच्या व्यवस्थेत ही मोकळीक करारातल्या कलमावर टांगलेली असते.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: आपल्याकडचे प्रबंध वाचण्याच्या लायकीचे असतात का? पुष्कळ नसतात. सर्वेक्षणाच्या नावाखाली शंभर प्रश्नावल्या आणि टक्केवारीचे तक्ते, मागच्या प्रबंधातून उचललेली पहिली दोन प्रकरणे, असा माल शोधगंगेत भरपूर आहे. पण तो दिसतो तो उघड्यावर आल्यामुळेच. कपाटात असताना त्याची नक्कल कुणाची कुणी केली हे दोन परीक्षकांखेरीज कुणाला कळण्याचा मार्ग नव्हता. २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले आणि २०१९ पासून विद्यापीठांना ‘शोधशुद्धी’ योजनेतून तपासणीचे सॉफ्टवेअर मिळू लागले. त्या तपासणीला तुलनेसाठी खुला साठाच लागतो. शिवाय सामान्य प्रबंधातही एखाद्या आठवडी बाजाराची, एखाद्या विहिरीच्या पाण्याची, एखाद्या गावच्या पीकपद्धतीची त्या वर्षीची नोंद असते. सिद्धांत म्हणून टाकाऊ असलेला प्रबंध साधन म्हणून मोलाचा असू शकतो. राजवाड्यांनी छापलेली कित्येक पत्रेही तशी साधी हिशेबाचीच होती.

गावाला प्रबंधांचे काय काम, असेही विचारले जाते. मराठवाड्याला याचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले आहे. त्या वर्षी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कागदपत्रांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली, हैदराबादचे अभिलेख पाहावे लागले, सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू बरोबर हा वेगळा विषय. पण जुना कागद ही केवळ इतिहासकाराची हौस असते असे यापुढे कुणी म्हणू नये. त्या याद्यांत आपल्या पणजोबाचे नाव शोधणारी माणसे गावोगावी होती, आणि पानापानांच्या चित्रांत शब्द शोधता येत नाही याचा अनुभव त्यांनी घेतला.

नवा आक्षेप ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर करून सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना उपलब्ध करून दिली. मग भांडारे कशाला? योजना चांगली आहे, पण तिचा वाचक सरकारी संस्थेच्या पटावर असावा लागतो. बेंबळीतला शेतकरी, शिक्षक, वार्ताहर, विनाअनुदानित महाविद्यालयातली मुलगी यांपैकी कुणी त्यात बसत नाही. आणि त्या तेरा हजार नियतकालिकांत धाराशिव जिल्ह्याच्या लोहारकामावरचा मराठी प्रबंध असण्याचा प्रश्नच येत नाही.

आता अर्धे उघडणे म्हणजे काय ते पाहू, कारण खरे दुखणे इथे आहे. शोधगंगेत मराठी प्रबंध उघडला की पाने दिसतात, छान वाचता येतात. त्यातला शब्द शोधपेटीत घाला. बहुधा काही मिळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि तिचा पाया भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीचा आहे. पण आपले डीटीपीवाले दोन-तीन दशके श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर काम करत राहिले. त्या फॉन्टांत डोळ्यांना ‘क’ दिसतो आणि संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. डीस्पेस पीडीएफमधला मजकूर उपसून त्याची सूची करते. अशा प्रबंधातून त्याच्या हाती निव्वळ कचरा लागतो. जे प्रबंध नुसते स्कॅन केले त्यांत तर मजकूरच नसतो. इंग्रजी प्रबंधाच्या तीनशेव्या पानावरचे गावाचे नाव सापडते आणि मराठी प्रबंधाच्या शीर्षकातलेही कधी कधी सापडत नाही, कारण शीर्षक रोमन लिपीत भरलेले असते. त्याच काळातला मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये इंटरनेटवर आला, आणि शाळकरी मुलेही त्यात शब्द शोधतात. म्हणजे दोष लिपीचा नाही, सवयीचा आहे.

युनिकोड आले तरी एक अडचण उरते, आणि ती मराठीची स्वतःची आहे. आपण ‘बेंबळी’ क्वचितच सुटे लिहितो. ‘बेंबळीत’, ‘बेंबळीच्या’, ‘बेंबळीहून’, ‘बेंबळीकर’ लिहितो. प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दशः जुळवणी करणारे यंत्र यांना वेगवेगळे शब्द समजते. डीस्पेसच्या शोधामागे ‘सोलर’ आणि ‘ल्युसीन’ हे जे मुक्त स्रोत शोध-सॉफ्टवेअर आहे, त्यात हिंदीसाठी शब्दाचे मूळ ओळखण्याची सोय कुणीतरी लिहून घातलेली आहे. मराठीसाठी तसे काम करायला परवाना मागावा लागत नाही, कंपनीला पत्रे पाठवावी लागत नाहीत. मराठी व्याकरण जाणणारा आणि प्रोग्रॅम लिहू शकणारा माणूस लागतो, आणि असे विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत आहेत. मुक्त स्रोताचे मोल फुकट मिळण्यात शोधणाऱ्यांनी इथे पाहावे.

लहान महाविद्यालयांनी स्वतःची भांडारे काढावीत का, यावर माझे मत सावध आहे. २०२१ मध्ये डीस्पेसची सातवी आवृत्ती आली आणि तिचा दर्शनी भाग पूर्ण नव्याने लिहिला गेला. जुन्या आवृत्तीवरून तिच्यावर जाणे मोठमोठ्या संस्थांनाही सोपे गेले नाही. एक उत्साही ग्रंथपाल बदलून गेला की भांडार बंद, असे व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात एक मरतुकडा सर्व्हर असण्यापेक्षा विद्यापीठाचे एक धड भांडार आणि त्यात प्रत्येक महाविद्यालयाचा कप्पा, हे बरे. सॉफ्टवेअरची उतरंड त्यासाठीच बनवलेली आहे.

यासाठी नव्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर युनिकोडमधली मूळ फाइल मागावी आणि शीर्षक व सारांश देवनागरीत भरून घ्यावेत, एवढा ठराव विद्यापीठाची विद्यापरिषद एका बैठकीत करू शकते. आणखी एक. भांडारांच्या नोंदीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डब्लिन कोअर’च्या पंधरा रकान्यांत एक रकाना व्याप्तीचा, म्हणजे प्रबंध कुठल्या स्थळाबद्दल आणि काळाबद्दल आहे ते लिहिण्याचा आहे. शोधगंगेच्या नोंदपानावर संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ, विभाग, पानांची संख्या असे सगळे दिसते. स्थळाचा रकाना दिसत नाही. जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले आहे, त्यामुळे जुन्या-नव्या दोन्ही नावांनी प्रबंध सापडायचे असतील तर तो रकाना लागणारच. मराठवाड्यातल्या मार्गदर्शकांनी आणि ग्रंथपालांनी निदान आपल्या हातून जाणाऱ्या नोंदींत, सारांशात किंवा विषयशब्दांत का होईना, गाव, तालुका आणि जिल्ह्याची दोन्ही नावे देवनागरीत लिहायला आजपासून सुरुवात करावी.